स्लोला स्थिर न राहणारा जुना चेनसॉ: दोष कसा शोधायचा, दुरुस्ती कशी करायची

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळी, आंबे, फणस मुळांसकट आडवे झाले. कुऱ्हाड आणि हातकरवतीने वाटा मोकळ्या होईनात. आमच्या वाडीत चेनसॉ आला तो त्या पावसाळ्यात. आमच्याकडे त्याला सगळे कटर म्हणतात. तेव्हा घेतलेले बहुतेक कटर 58 सीसीच्या ठरावीक बनावटीचे होते. वर नाव कुठलंही असलं तरी आतली रचना जवळपास एकच. ती मशीन आता जुनी झाली आहेत आणि त्यातल्या निम्म्यांची तक्रार एकच ऐकू येते: "रेसला छान चालतं, पण स्लोला राहत नाही." स्लो म्हणजे ट्रिगर सोडल्यावरची इंजिनची संथ चाल. कधी आपोआप रेस चढते, कधी वर-खाली होते, कधी बार (चेन फिरते ती लांब पट्टी) जरा वर केला की बंद पडतं.

या तक्रारीवर सर्रास एकच उपाय केला जातो, तो म्हणजे स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्बुरेटरचे स्क्रू पिळणं. माझ्या मशीनवर दोन वर्षं हेच चाललं होतं. स्क्रू फिरवला की पंधरा दिवस बरं जायचं, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी एक मोठा आंबा कापताना पिस्टन धरला. मशीन खोलल्यावर कार्बुरेटरमागच्या रबरी बुटाला, म्हणजे कार्बुरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरी तुकड्याला, खालच्या बाजूने बोटभर चीर सापडली. तिथून मशीन हवा घेत होतं आणि प्रत्येक वेळी स्क्रू फिरवून आम्ही ती हवा झाकत होतो. म्हणून या लेखात स्क्रू जवळजवळ शेवटी येतात. आधी पेट्रोल, मग टाकी आणि नळ्या, मग कार्बुरेटरचं पोट, मग हवेची गळती, आणि हे सगळं निस्तरल्यावर स्क्रू.

बिघाड स्लोलाच का दिसतो?

पूर्ण रेसला थ्रॉटलची चकती उघडी असते आणि इंजिन भरपूर हवा, भरपूर पेट्रोल ओढतं. तिथे थोडी कमी-जास्त हवा पचून जाते. स्लोला चकती जवळजवळ बंद असते. पेट्रोल येतं ते चकतीच्या काठाशी असलेल्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांतून, तेही थेंबाच्या अंशाने. एवढ्याशा मिश्रणात बाहेरून केसाएवढ्या फटीतून हवा शिरली, तरी प्रमाण पार बिघडतं. म्हणजे स्लोचा बिघाड ही आधी मिळालेली सूचना आहे. तीच फट पूर्ण रेसला पिस्टन गरम करत असते, फक्त ते कानाला कळत नाही. पेट्रोलबरोबरच ऑइलही जातं, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं.

आधी ऐका, मग खोला

मशीन मोकळ्यावर न्या, घरात किंवा बंद पडवीत चालू करू नका. बार आणि कव्हर जागेवर ठेवून फक्त चेन काढा. स्लोला रेस चढणाऱ्या मशीनची चेन आपोआप फिरते आणि शोधाशोध करताना हात तिच्याजवळ जातोच. चेन नसताना पूर्ण रेस मात्र देऊ नका. आता पाच मिनिटं नुसतं ऐका.

ट्रिगर सोडल्यावर रेस लगेच खाली न येता वर लटकून राहते आणि सावकाश उतरते, तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे किंवा हवा जास्त. उलट ट्रिगर सोडल्यावर रेस खाली येते, आवाज जड होत जातो, सायलेन्सरमधून धूर येतो आणि मशीन गुदमरून बंद पडतं, तर पेट्रोल जास्त आहे. तेव्हा कार्बुरेटरमधला सुईचा व्हॉल्व्ह गळत असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा चोक पूर्ण उघडत नसेल. रेस एका लयीत वर-खाली होत राहते, तेव्हा पुरवठा तुटक आहे. टाकीचा व्हेंट (हवा आत यायची वाट), टाकीतला फिल्टर, कार्बुरेटरमधला कडक झालेला डायफ्राम (पातळ पडदा), यांपैकी काहीतरी. मशीन सुरळीत चालता चालता बटण दाबल्यासारखं खटकन बंद पडतं, तर पेट्रोलच्या मागे लागू नका, ते करंटचं काम आहे.

यानंतरची चाचणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. टाकी निम्म्याहून जास्त भरा, म्हणजे आतला फिल्टर उघडा पडणार नाही. मशीन स्लोला ठेवून बारचं टोक जमिनीकडे करा, मग आकाशाकडे, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. चांगलं मशीन किंचित आवाज बदलेल, पण रेस सोडणार नाही. एखाद्या विशिष्ट बाजूलाच रेस झपकन चढत असेल, तर क्रँकचं (इंजिनच्या फिरत्या दांड्याचं) ऑइल सील, बेअरिंग किंवा रबरी बूट यांच्यावर संशय घ्या. बाजू बदलली की क्रँकचं आणि कार्बुरेटरचं वजन वेगळीकडे पडतं आणि फट उघडते. चारही बाजूंचं काय झालं ते कागदावर लिहून ठेवा. पुढे हाच कागद उपयोगी पडतो.

दहा मिनिटांची कामं

जुनं पेट्रोल ओतून टाका. पारदर्शक काचेच्या बाटलीत ओता, म्हणजे काय निघालं ते दिसेल. आपल्याकडे फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि आता पंपावर बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी टाकी तशीच राहिली, की तळाशी पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर बसू शकतो. बाटलीत खाली वेगळ्या रंगाची रेघ दिसली, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून साध्या पेट्रोलवर लावलेलं मशीन नव्या पेट्रोलवर थोडं कोरडं चालतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आणि जुन्या रबराला ते फुगवतं, मग कडक करतं. पुढच्या बऱ्याच दोषांचं मूळ इथे आहे.

नवीन मिश्रण मोजून करा. या 58 सीसी मशीनच्या पुस्तिकांत बहुधा 1:25 दिलेलं असतं, म्हणजे एक लिटर पेट्रोलला 40 मिलि टू-टी ऑइल. 1:50 सांगितलं असेल तर 20 मिलि. बाटलीच्या बुचाने अंदाज करू नका, औषधाची सिरिंज घ्या. आणि महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा.

एअर फिल्टर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. प्लग काढून बघा. टोक तपकिरी असेल तर ठीक. पांढरंफटक म्हणजे मशीन कोरडं चालतंय, काळं ओलं म्हणजे पेट्रोल जास्त. गॅप 0.6 ते 0.7 मिमी ठेवा, आणि प्लग दोन वर्षांहून जुना असेल तर सरळ बदला. प्लग काढलेला आहे तोवर त्याच्या कॅपमधली स्प्रिंगही बघा. ती गंजून ढिली झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

टाकीचा व्हेंट ही तर विसरलेलीच जागा. पेट्रोल जसं संपतं तशी टाकीत हवा यायला हवी. व्हेंट तुंबला की टाकीत ओढ तयार होते, दहा-पंधरा मिनिटं मशीन छान चालतं, मग रेस वर-खाली होऊ लागते आणि बंद पडतं. ओळखायची पद्धत सोपी आहे. बिघडायला लागलं की मशीन बंद करा आणि टाकीचं झाकण सावकाश सैल करा. फस्स आवाज होऊन हवा आत गेली आणि पुढे मशीन पुन्हा सुरळीत चाललं, तर दोष सापडला. आमच्याकडे कुंभारीण माशी कुठल्याही छोट्या भोकात मातीचं घर करते. व्हेंटच्या नळीत तिची माती मला दोनदा मिळाली आहे. सायलेन्सरचं तोंडही म्हणून एकदा टॉर्च मारून बघा.

वाकवलेल्या तारेच्या हुकाने टाकीतली नळी वर ओढा. टोकाचा फिल्टर काळा किंवा चिकट झाला असेल तर बदला. नळी जिथे टाकीच्या भिंतीतून जाते, तिथे ती बोटांत धरून दुमडा. चीर पडलेली असेल तर दुमडल्यावर उघडते. बाहेरून कोरडी दिसणारी नळीसुद्धा तिथे पेट्रोलऐवजी हवा ओढत असते. नळी चिकट लागली किंवा प्लास्टिकसारखी कडक झाली, तर विचार न करता बदला.

खर्च करण्याआधी पिस्टन बघा

सायलेन्सरचे दोन बोल्ट काढा आणि स्टार्टरची दोरी हळू ओढत एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघा. बाजू गुळगुळीत हवी. उभ्या ओरखड्यांच्या पट्ट्या दिसल्या, ॲल्युमिनियम फरपटल्यासारखं वाटलं, तर कार्बुरेटरवर पैसे घालण्याआधी सिलिंडर-पिस्टनचा निर्णय घ्या. सायलेन्सर परत बसवून, प्लग घट्ट करून, स्विच बंद ठेवून मशीन दोरीच्या मुठीला धरून लटकवा. चांगल्या दाबाचं मशीन दोरीवर अडून राहतं किंवा टप्प्याटप्प्याने खाली येतं. सरळ घसरत खाली गेलं, तर रिंग संपली आहे. ही जुनी चाचणी आहे, आकडा देत नाही, पण फसवतही नाही.

कार्बुरेटरचं पोट

इथे घाई करू नका. कामाला बसण्याआधी पांढरा जाड कपडा अंथरा. यातली स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि शेणाने सारवलेल्या अंगणात पडली तर मिळत नाही. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. विशेषतः थ्रॉटल आणि चोकच्या तारा कुठल्या भोकात आहेत त्याचा.

कार्बुरेटर काढण्याआधी एल (स्लोचं पेट्रोल ठरवणारा) आणि एच (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा) हे दोन्ही स्क्रू एक-एक करून हलकेच आत पिळा आणि किती फेऱ्यांत टेकले ते मोजून लिहा. टेकल्यावर जोर लावू नका, स्क्रूचं टोक सुईसारखं असतं, ते चेपलं की कार्बुरेटर कायमचा बिघडतो. हे आकडे म्हणजे आधीच्या माणसाने काय केलं त्याची नोंद. एल स्क्रू दोन-अडीच फेरे उघडा सापडला, तर समजा की कोणीतरी हवेची गळती किंवा तुंबलेलं छिद्र पेट्रोल वाढवून झाकलं आहे.

या कार्बुरेटरला दोन तोंडं असतात. एका झाकणाखाली पंपाचा डायफ्राम. तो पातळ, दोन जिभा असलेला असतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या धक्क्यांनी तो फडफडतो आणि टाकीतून पेट्रोल वर ओढतो. दुसऱ्या झाकणाखाली मीटरिंगचा डायफ्राम, मधोमध धातूची टिकली असलेला. इंजिन पेट्रोल ओढेल तसा तो आत ओढला जातो, छोटा लिव्हर दाबतो, लिव्हर सुई उचलतो आणि हवं तेवढंच पेट्रोल आत येतं. स्लोचं सगळं नाजूक गणित या दुसऱ्या डायफ्रामवर आहे.

तो काढून कानाशी धरा आणि बोटाने हलकेच दाबा. नवा डायफ्राम ओल्या पानासारखा मऊ असतो, आवाज करत नाही. जुना वाळक्या पानासारखा कुरकुरतो. माझ्या मशीनचा डायफ्राम दाबल्यावर टकटक वाजला होता आणि सोडल्यावर जागेवर येत नव्हता, वाकलेलाच राहिला. असा डायफ्राम स्लोला लिव्हर नीट हलवू शकत नाही. किटमध्ये दोन्ही डायफ्राम, पॅकिंग, सुई, लिव्हर आणि स्प्रिंग मिळतं. किट आणताना कार्बुरेटरवर कोरलेला नंबर दाखवा. वॉल्ब्रो, झामा आणि त्यांच्यासारखे बनवलेले कार्बुरेटर दिसायला सारखे असतात, पण डायफ्रामचा आकार आणि टिकलीची उंची बदलते.

सगळं रबर काढल्यावरच कार्बुरेटर क्लीनर मारा, डोळ्यांना चष्मा लावून. एल स्क्रू काढलेल्या भोकात नळी टेकवून फवारा आणि दुसऱ्या बाजूला, चकतीच्या काठाजवळ बघा. तिथे ओळीने दोन-तीन बारीक छिद्रं आहेत, प्रत्येकातून धार यायला हवी. एखाद्यातून येत नसेल तर तेच तुमच्या स्लोचं दुखणं आहे. क्लीनरमध्ये भिजवा, पुन्हा फवारा. तार किंवा टाचणी घालू नका, छिद्र किंचित जरी मोठं झालं तरी ते कधीच भरून येत नाही. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची जोरदार हवाही नको, आतल्या नोझलमधला छोटा व्हॉल्व्ह त्याने खराब होतो. सुईच्या मागे गाळणीसारखी बारीक जाळी असते, ती मात्र जरूर स्वच्छ करा.

लिव्हरची उंची जशी होती तशीच ठेवा. पुष्कळ छोट्या कार्बुरेटरमध्ये लिव्हर खोलगट भागाच्या तळाशी समपातळीत असावा लागतो, काहींत थोडा खाली. म्हणून जुना लिव्हर काढण्याआधी बाजूने फोटो घ्या. लिव्हर वर राहिला तर पेट्रोल जास्त येऊन स्लोला गुदमरतं, खाली राहिला तर रेस देताना भूक लागल्यासारखं मशीन अडतं.

परत बसवताना पॅकिंगचा क्रम सर्वांत जास्त चुकतो. मीटरिंगच्या बाजूला बॉडीवर आधी पॅकिंग, त्यावर डायफ्राम, मग झाकण. पंपाच्या बाजूला उलट: बॉडीवर आधी डायफ्राम, त्यावर पॅकिंग, मग झाकण. हा क्रम चुकलेलं मशीन चालू होतं, पण स्लोला कधीच स्थिर होत नाही आणि माणूस पुन्हा स्क्रूंच्या मागे लागतो.

सुई बसल्याची खात्री करायला आत पेट्रोलचा एक थेंब टाका, पेट्रोल येण्याच्या नळीला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा जोडा (घड्याळाच्या काट्याचं यंत्र, पाऱ्याचं नको) आणि 200 पर्यंत दाब द्या. काटा एका जागी थांबला पाहिजे. खाली सरकला तर सुई गळतेय.

मशीन हवा कुठून घेतंय?

किट घातलं, पेट्रोल ताजं आहे, तरी रेस लटकते किंवा कुशीवर केल्यावर चढते, तर आता हवेची गळती शोधायची. पुष्कळजण चालू मशीनवर क्लीनर फवारतात आणि रेस बदलते का बघतात. तापलेल्या सायलेन्सरजवळ हे करणं मला पटत नाही, त्याने भडका उडू शकतो. बंद, थंड मशीनवर दाब देऊन शोधणं सुरक्षितही आहे आणि अचूकही.

सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा आणि सायलेन्सर परत आवळा. कार्बुरेटरच्या जागी ट्यूबचा तुकडा आणि त्यावर सपाट पत्रा लावून त्याच दोन बोल्टनी घट्ट करा. दाबाच्या धक्क्यांची नळी म्हणजे इम्पल्स नळी वेगळी असेल तर तिच्या तोंडात स्क्रू अडकवा, पण ती काढू नका, तिचीही परीक्षा व्हायला हवी. आता एका निकामी प्लगमधली चिनीमाती फोडून काढा, त्या पोकळीत नळी इपॉक्सीने बसवा आणि रात्रभर सुकू द्या. हा प्लग सिलिंडरवर आवळा, पिस्टन खाली आणा आणि नळीला तोच रक्तदाबाचा फुगा जोडा. पिस्टन खाली असला की सिलिंडर आणि क्रँककेस एकमेकांना उघडे असतात, त्यामुळे दाब सगळीकडे पोचतो.

सर्व्हिस पुस्तिकांत साधारण 0.5 बार दाब सांगतात. फुग्याच्या घड्याळात 300 पर्यंतच जाता येतं, म्हणजे 0.4 बार. घरच्या शोधाला तेवढा पुरतो. काटा अगदी सावकाश उतरला तर आधी तुमचे स्वतःचे तुकडे आणि जोड तपासा. झरझर उतरला तर भांड्यात दाट साबणाचं पाणी करा आणि ब्रशने लावत जा: बुटाच्या भोवती, खालच्या बाजूनेही. इम्पल्स नळीला. सिलिंडरच्या बुडाच्या पॅकिंगला. क्रँककेसच्या जोडाला. शेवटी क्रँकच्या दोन्ही टोकांना, एक मॅग्नेटच्या (स्टार्टरच्या बाजूच्या चुंबकाच्या चाकाच्या) मागे आणि एक क्लचच्या मागे.

माझा बूट बदलल्यावर मी हीच चाचणी पुन्हा केली, कारण कुशीवर केल्यावर थोडी रेस अजून चढत होती. बुटावर काहीच आलं नाही. मॅग्नेट काढून सीलवर साबण लावला, तेव्हा शाफ्टच्या काठावर मोहरीएवढा एक फुगा आला, फुटला, पुन्हा तिथेच आला. तेवढ्या फुग्यासाठी मी तीन कार्बुरेटर दुकानात हातात घेऊन परत ठेवले होते. एकदा फुगा दिसला की कुठे खर्च करायचा हे ठरून जातं.

दाबावर सगळं टिकलं आणि तरी लक्षणं गळतीचीच असतील, तर मशीन ओढावर, म्हणजे व्हॅक्यूमवर तपासायला हवं. सीलची ओठासारखी कड कधी कधी आतून दाबलं की घट्ट बसते आणि ओढ लागली की उघडते. त्यासाठी व्हॅक्यूमचा हातपंप असलेल्या मेकॅनिककडे जा.

सील बदलणं

मॅग्नेटचा आणि क्लचचा नट सोडवताना क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून स्टार्टरच्या जुन्या दोरीचा वीतभर तुकडा आत सोडा, टोक बाहेर ठेवून. पिस्टन दोरीवर टेकून थांबतो आणि काही तुटत नाही. एक्झॉस्टचं तोंड पिस्टनने झाकलं गेल्यावरच दोरी घाला, नाहीतर ती तिथे चिमटते. क्लच उलट आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे न कळल्याने क्लच तोडलेले मी पाहिले आहेत. तो सुटला की स्प्रिंगही बघून घ्या. ढिली किंवा तुटलेली असेल तर स्लो बरोबर असूनही चेन फिरते आणि माणूस स्लो उगाच कमी करत बसतो.

जुनं सील काढताना शाफ्टला ओरखडा जाऊ देऊ नका. नव्या सीलची कड ऑइलने ओली करा आणि सीलच्या बाहेरच्या काठाएवढी पान्याची गोटी (सॉकेट) घेऊन सरळ, हलक्या ठोक्यांनी बसवा. त्याआधी क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवून बघा. हाताला खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं आहे आणि नवं सील महिनाभरही टिकणार नाही.

करंटचं थोडक्यात

खटकन बंद पडणाऱ्या मशीनमध्ये आधी स्विचची वायर बघा. ती हँडलखाली घासून उघडी पडते आणि थरथरीने बॉडीला लागली की करंट तुटतो. कॉइल आणि मॅग्नेटमधलं अंतर बहुतेक मशीनमध्ये 0.3 मिमीच्या आसपास असतं, जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये ठेवून बोल्ट आवळले तर चालतं. थंड असताना छान आणि तापल्यावर स्पार्क गायब, पुन्हा थंड झाल्यावर हजर, असं असेल तर कॉइल बदला. दोरी कधी जोरात उलटी झटकली असेल तर मॅग्नेटची खुंटी किंवा चावी कापली गेली का तेही बघा, तिने टायमिंग सरकतं.

आता स्क्रू

एल आणि एच दोन्ही हलकेच टेकवून एक फेरा उघडा. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो घ्या. स्वच्छ फिल्टर लावा, बार-चेन बसवा, चेन योग्य ताणा. मशीन जमिनीवर ठेवून पुढचं हँडल हाताने दाबून धरा आणि तीन-चार मिनिटं तापू द्या. थंड मशीनवर लावलेला स्लो तापल्यावर टिकत नाही.

एल स्क्रू सावकाश आत घेत जा. रेस वाढत जाईल आणि एका जागी सगळ्यांत जास्त होईल, त्यापुढे अडखळेल. आता उलट दिशेने उघडत जा, पुन्हा ती सर्वोच्च जागा येईल आणि त्यानंतर आवाज जड होईल. सर्वोच्च जागेवरून फेऱ्याचा आठवा भाग बाहेर, किंचित जड बाजूला, एल ठेवा. झटकन ट्रिगर दाबा. मशीन न अडता उठलं पाहिजे. "बॉ" करून अडलं तर एल अगदी थोडा उघडा. मग टी स्क्रूने, काहींवर त्याला एलए लिहिलेलं असतं, रेस अशी बसवा की मशीन न थांबता चालेल आणि चेन पूर्ण स्तब्ध राहील. टॅकोमीटर असेल तर पुस्तिकेतला आकडा बघा, बहुधा 2800 ते 3000 च्या आसपास असतो.

एच बद्दल माझा आग्रह आहे: तो जास्त ताकदीसाठी आत पिळू नका. लाकडाबाहेर पूर्ण रेसला आवाजात किंचित फडफड हवी आणि लाकडात बार घातल्यावर ती जाऊन आवाज स्वच्छ व्हायला हवा. बाहेरच आवाज कर्कश, शिट्टीसारखा येत असेल तर एच उघडा. ही परीक्षा दोन-तीन सेकंदांतच उरका.

शेवटी सुरुवातीचा कागद काढा आणि तीच चार बाजूंची चाचणी पुन्हा करा. ट्रिगर सोडल्यावर रेस लगेच खाली यायला हवी. चेन कुठल्याही बाजूला हलता कामा नये. एक टाकी कामात संपवा, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड मशीन चालू करून बघा आणि लागला तर टी स्क्रूला किंचित हात लावा. एल आणि एच किती फेऱ्यांवर बसले ते तारखेसह एअर फिल्टरच्या कव्हरच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी स्लो बिघडला आणि आकडे तेच असले, तर स्क्रूड्रायव्हर न उचलता सरळ नळ्या, व्हेंट आणि डायफ्रामकडे वळता येईल.